आईच्या हातीं भत्ता, बापाच्या पगारांत कर



लंडनच्या पश्चिमेस स्लाऊ नांवाचें गांव आहे. तेथें राहणारें एक मराठी कुटुंब आपण घटकाभर कल्पनेनें डोळ्यांपुढें आणूं. गृहस्थ एका कचेरींत नोकरीस आहेत. वार्षिक वेतन ७०,००० पौंड. पत्नी घरींच असते, आणि पदरीं दोन लहान मुलें. एके सकाळीं टपालानें सरकारी पत्र येतें. मजकूर मोजकाच असतो : 'आपला टॅक्स कोड १२५७एल होता, तो आतां ९७५एल करण्यांत आला आहे.' महिनाअखेर पगार हातीं पडतो तो नेहमींपेक्षां सुमारें ९४ पौंडांनीं उणा. वेतन घटलें नाहीं, कराचे दर चढले नाहींत, मालकानें दंड केला नाहीं. मग हे पैसे गेले कोठें?

शोध केल्यावर असें निष्पन्न होतें कीं, या कपातीचें मूळ पत्नीच्या बँकेच्या खात्यांत आहे. दोन मुलांकरितां सरकारकडून तिला दर चार आठवड्यांनीं जो भत्ता मिळतो, त्यांतील निम्मा भाग सरकार पतीच्या पगारांतून परत घेत आहे. भत्ता एकाच्या हातीं आणि त्याची फेड दुसऱ्याच्या पगारांतून, अशी ही व्यवस्था आहे. ती कां निर्माण झाली, तिचें गणित कसें चालतें, आणि तिच्या भीतीनें अनेक कुटुंबें स्वतःचें नुकसान कसें करून घेतात, हें आज आपणांस सांगावयाचें योजिलें आहे. आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलें, सुना, जावई, भाचे आज इंग्लंडांत संसार मांडून राहिले आहेत. तेव्हां हा विषय अगदींच परका नव्हे.

प्रथम या भत्त्याचा इतिहास थोडा पाहूं. कारण इतिहासावांचून या कराचा चमत्कारिक आकार उमगणार नाहीं.

ब्रिटनमध्यें मुलांसाठीं कुटुंबाला सरकारनें पैसे द्यावे, या मागणीमागें एका बाईची चिकाटी होती. एलिनॉर रॅथबोन हें तिचें नांव. १९२४ सालीं तिनें 'द डिसइनहेरिटेड फॅमिली' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. तिचें म्हणणें असें कीं, मजुरी ठरवितांना माणूस एकटा आहे कीं त्याच्या घरीं पांच तोंडें आहेत हें कोणी पाहत नाहीं; आणि जी स्त्री घरीं मुलें वाढविते तिच्या श्रमाला समाज एक पैचेंहि मोल देत नाहीं. १९२९ पासून ती पार्लमेंटची स्वतंत्र सभासद होती. हिंदी वाचकांना हें नांव निराळ्या कारणानें ठाऊक असेल. हिंदुस्थानांतील बालविवाहावर तिनें पुस्तक लिहिलें होतें. आणि १९४१ सालीं तिनें हिंदी लोकांस उद्देशून काढलेल्या खुल्या पत्रास रवींद्रनाथांनीं आजारपणांतून अत्यंत कडक उत्तर दिलें होतें. आमच्या बाबतींत तिचा तोल चुकला असेल. परंतु स्वदेशांतील मातांसाठीं तिनें जें केलें तें टिकलें.

१९४५ सालीं कुटुंबभत्त्याचा कायदा झाला. मूळ मसुद्यांत हे पैसे बापाच्या नांवें द्यावयाचे होते. रॅथबोनबाई पार्लमेंटांत यावर कडाडल्या, आणि शेवटीं पैसे आईच्या हातीं द्यावे असें ठरलें. ऑगस्ट १९४६ पासून पहिलें मूल वगळून पुढच्या प्रत्येक मुलामागें आठवड्याला ५ शिलिंग मिळूं लागले. तो दिवस पाहण्यास बाई जिवंत नव्हत्या. त्याच वर्षाच्या जानेवारींत त्यांचा अंत झाला होता.

पुढें १९७५ च्या कायद्यान्वयें १९७७ पासून आजचा 'चाइल्ड बेनिफिट' सुरू झाला. आपण त्याला बालभत्ता म्हणूं. तोंवर दोन गोष्टी शेजारीं शेजारीं चालत असत : आईला कुटुंबभत्ता, आणि बापाला मुलांबद्दल प्राप्तिकरांत सूट. १९७९ पर्यंत या दोन्ही गोष्टी मिटवून त्यांच्या जागीं एकच बालभत्ता आला, व तो पहिल्या मुलापासून मिळूं लागला. म्हणजे बापाच्या पाकिटांतील पैसे काढून ते आईच्या बटव्यांत घातले गेले. त्या वेळीं पुरुष कामगार यावर रुसतील अशी मंत्र्यांना धास्ती होती. श्रीमंत असो वा गरीब, ज्या घरीं मूल त्या घरीं भत्ता, हा नियम तेथून पस्तीस वर्षें चालला.

या नियमाला छेद गेला तो २०१३ सालीं. सरकारी तिजोरीची ओढाताण होती. अर्थमंत्री जॉर्ज ऑसबोर्न यांनीं २०१० सालींच जाहीर केलें होतें कीं, अधिक प्राप्ति असणाऱ्यांच्या घरीं हा भत्ता यापुढें जाऊं नये. मात्र एक अडचण होती. १९९० पासून ब्रिटनमध्यें पति आणि पत्नी यांची करआकारणी संपूर्णपणें वेगवेगळी होते. नवऱ्याचें उत्पन्न बायकोच्या कागदावर नाहीं, बायकोचें नवऱ्याच्या कागदावर नाहीं. आणि हें स्वातंत्र्य स्त्रियांनीं मोठ्या प्रयासानें मिळविलेलें होतें. अशा स्थितींत घराचें एकंदर उत्पन्न किती, हें सरकारला कळावें कसें? म्हणून एक युक्ति काढण्यांत आली. भत्ता बंद करावयाचा नाहीं. तो पूर्वीप्रमाणेंच द्यावयाचा. परंतु त्या जोडप्यांत ज्याचें उत्पन्न अधिक, त्याच्यावर भत्त्याएवढा किंवा त्याच्या कांहीं अंशाएवढा कर बसवावयाचा. ७ जानेवारी २०१३ पासून हा कर अमलांत आला. त्याचें सरकारी नांव लांबलचक आहे. आपण त्याला भत्ताकर म्हणूं.

आतां त्याचें गणित. आरंभीं ५०,००० पौंडांच्या वर उत्पन्न गेलें कीं कर सुरू होई, आणि ६०,००० पौंडांवर सगळा भत्ता परत जाई. ही मर्यादा अकरा वर्षें तेथेंच राहिली. मध्यंतरीं महागाई वाढली, पगार वाढले, आणि जो कर मोठ्या प्राप्तीच्या लोकांसाठीं म्हणून काढला होता तो शाळामास्तर आणि रुग्णालयांतील अनुभवी परिचारिका यांच्याहि दारीं येऊन उभा राहिला. अखेर ६ एप्रिल २०२४ पासून मर्यादा बदलली. आतां ६०,००० पौंडांपर्यंत कांहींएक द्यावें लागत नाहीं. त्यावर प्रत्येक २०० पौंडांमागें भत्त्याचा १ टक्का परत करावयाचा. आणि ८०,००० पौंडांशीं येऊन पोंचलें कीं सगळा भत्ता परत.

२०२५–२६ या करवर्षांत पहिल्या मुलास आठवड्याला २६ पौंड ५ पेन्स आणि पुढच्या प्रत्येक मुलास १७ पौंड २५ पेन्स असा दर होता. म्हणजे दोन मुलांचे आठवड्याला ४३ पौंड ३० पेन्स, व वर्षाचे २,२५१ पौंड ६० पेन्स. आपल्या स्लाऊच्या गृहस्थांचें उत्पन्न ७०,०००. मर्यादेपेक्षां १०,००० अधिक. दहा हजारांत दोनशें पन्नास वेळां जातात. म्हणून भत्त्याचे ५० टक्के परत. ही रक्कम झाली १,१२५ पौंड. हाच त्यांचा भत्ताकर.

पण पत्रांत तर १२५७ चे ९७५ झाले होते! त्याचा अर्थ लावण्यासाठीं टॅक्स कोड म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे.

ब्रिटनमध्यें नोकरदाराचा प्राप्तिकर मालकच पगारांतून कापतो. ही पद्धत तेथें १९४४ सालीं, महायुद्धाच्या धामधुमींत, सर्व नोकरदारांस लागू झाली. तिचा मुख्य शिल्पकार पॉल चेंबर्स हा अधिकारी त्यापूर्वीं कांहीं वर्षें तत्कालीन हिंदुस्थान सरकारचा प्राप्तिकर सल्लागार होता, ही गोष्ट आपणांस मौजेची वाटेल. पगारांतून कर कापण्याची तरतूद आमच्याकडे १९२२ च्या कायद्यांतच होती.

या पद्धतींत मालकाला नोकराची खासगी हकीकत कळत नाहीं. कळूं नये अशीच योजना आहे. त्याला कळतो तो फक्त एक आकडा आणि एक अक्षर. या वर्षीं या मनुष्याला किती पौंडांपर्यंत कर माफ आहे, तें हा आकडा सांगतो. सर्वसाधारण माफी १२,५७० पौंडांची. शेवटचा अंक गाळला कीं राहतात १२५७. 'एल' हें अक्षर नेहमींची माफी मिळणाऱ्या माणसाचें. मालकाच्या कारकुनानें एवढें पाहावें आणि कोष्टकाप्रमाणें कर कापावा.

अशा रीतीनें माफीच्या आकड्याखेरीज दुसरें साधन नसल्यामुळें, सरकारला नोकराकडून कांहीं जादा रक्कम वसूल करावयाची झाली कीं तें माफी कमी करतें. गृहस्थांचा वरचा कर ४० टक्क्यांचा. त्यांची १०० पौंडांची माफी काढून घेतली तर सरकारच्या पदरीं ४० पौंड पडतात. मग १,१२५ पौंड पडावे म्हणून किती माफी काढावी? सुमारें २,८१२ पौंडांची. १२,५७० मधून ती वजा केली तर उरले ९,७५८. शेवटचा अंक गाळला, राहिले ९७५. पत्राचें कोडें असें सुटतें.

येथें पुष्कळांचा गोंधळ उडतो. सरकारी पत्रकांत भत्ताकराच्या नांवापुढें २,८१२ असा आकडा दिसतो, आणि मनुष्य घाबरून म्हणतो, 'आम्हांला भत्ता मिळतो सव्वादोन हजार, आणि हे मागतात अठ्ठावीसशें!' तसें नाहीं. तो आकडा काढून घेतलेल्या माफीचा आहे, द्यावयाच्या पैशांचा नव्हे. वरचा कर ४० टक्के असेल तर त्या आकड्याचे शेंकडा ४० म्हणजे खरी मागणी. स्कॉटलंडांत प्राप्तिकराचे दर निराळे आहेत. तेथील कोडाच्या आरंभीं 'एस' हें अक्षर असतें, आणि हिशेब त्या दरांनीं करावा लागतो.

आणखी दोन खुणा ओळखून ठेवाव्या. कोडाच्या आरंभीं 'के' हें अक्षर आलें तर वजावटी माफीहून मोठ्या झाल्या असें समजावें. मग माफी तर मिळत नाहींच, उलट पगारांत कल्पित रक्कम मिळवून तिच्यावर कर धरला जातो. अशा वेळीं मालकानें पगाराच्या निम्म्याहून अधिक कर कापूं नये असें कायद्याचें बंधन आहे. दुसरी खूण 'एम१' ही. कोडापुढें ती असली तर मागील महिन्यांचा हिशेब न पाहतां प्रत्येक महिना सुटा धरून कर कापला जातो. ती खूण नसली आणि कोड वर्षाच्या मध्यें बदलला, तर मागील महिन्यांची बाकी एकाच पगारांत वसूल होऊं शकते. त्या महिन्यांत घरखर्चाची तारांबळ उडते ती यामुळें.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, चालू वर्षाचा टॅक्स कोड हा अंदाज असतो, निवाडा नसतो. गेल्या वर्षाच्या उत्पन्नावरून, किंवा तुम्हीं स्वतः कळविलेल्या अपेक्षेवरून, सरकार हा अंदाज बांधतें. मध्यंतरीं बक्षिसी मिळाली, नोकरी सुटली, मूल सोळा वर्षांचें होऊन शिक्षण थांबलें, किंवा भत्ता घेणेंच बंद केलें, तर अंदाज चुकतो. तो आपल्या हातानें दुरुस्त करून घ्यावा लागतो. गेल्या वर्षाची बाकी आणि या वर्षाचा अंदाज अशा दोन्ही गोष्टी एकाच कोडांत येऊन बसणेंहि संभवतें. म्हणून कोडाचें पत्र आलें कीं तें खणांत न टाकतां त्यांतील प्रत्येक ओळ वाचावी आणि 'ही माझीच आहे काय, आणि ती याच वर्षाची आहे काय' असें विचारावें.

पूर्वीं या कराची फेड करण्यास एकच राजमार्ग होता : स्वतः वार्षिक विवरणपत्र भरावयाचें. करवर्ष ५ एप्रिलला संपतें. त्यानंतरच्या ५ ऑक्टोबरपर्यंत नांव नोंदवावयाचें आणि ३१ जानेवारीपर्यंत पत्र व पैसे द्यावयाचे. बाकी ३,००० पौंडांहून कमी असेल व विवरणपत्र ३० डिसेंबरपर्यंत संगणकावरून भरलें असेल, तर ती बाकी पुढच्या टॅक्स कोडांत घालून घेतां येते. परंतु ज्याचा सगळा कर आजवर पगारांतूनच कापला गेला, त्याला विवरणपत्र ही गोष्टच माहीत नसे. भत्ता पत्नीच्या नांवें, तोहि मूल जन्मलें तेव्हां सुरू झालेला. आपलें वेतन मर्यादेपलीकडे गेलें हें कोणाच्या ध्यानींमनींहि नसे. चार वर्षांनीं पत्र येई, त्यांत मागील सगळ्या वर्षांचा कर, व्याज आणि वर दंड. याबद्दल इतका बोभाटा झाला कीं, २०१८ सालीं खात्याला आपल्याच कांहीं दंडांचा फेरविचार करून ते परत करावे लागले. २०२१ सालीं वरिष्ठ न्यायासनानें असाहि निर्णय दिला कीं, मागील वर्षांचा हा कर खातें ज्या रीतीनें बसवीत आहे ती रीत कायद्यांत बसत नाहीं. मग २०२२ सालीं सरकारनें कायदाच बदलला, आणि तो मागील काळासहि लागू केला. २०२५ सालापासून मात्र एक चांगली सुधारणा झाली आहे. ज्याला दुसऱ्या कोणत्याहि कारणानें विवरणपत्र भरावें लागत नाहीं, अशा नोकरदारानें कळविल्यास त्याचा भत्ताकर सरळ टॅक्स कोडांतून कापला जातो. विवरणपत्राची दगदग उरत नाहीं.

आतां या कराचा न्यायान्याय पाहूं. एका घरीं पति आणि पत्नी दोघेंहि कमावतात. प्रत्येकीं ५९,००० पौंड. घरांत १,१८,००० पौंड येतात, आणि भत्ता सगळा राहतो. शेजारच्या घरीं एकटा पति ८०,००० मिळवितो आणि पत्नी मुलांसाठीं घरीं आहे. येथें भत्ता सगळा जातो. जी विधवा किंवा परित्यक्ता एकटीच कमावून मुलांना वाढविते, तिलाहि हाच नियम. रॅथबोनबाईंनीं जिच्यासाठीं हा भत्ता मागितला ती घरीं राहून मुलें वाढविणारी आई. नेमक्या तिच्याच घरावर या कराचा वार जड पडतो, हा काळाचा विपर्यास म्हटला पाहिजे. २०२४ च्या मार्चमध्यें त्या वेळच्या अर्थमंत्र्यांनीं जाहीर केलें कीं, एप्रिल २०२६ पर्यंत हा कर सबंध घराच्या उत्पन्नावर बसविण्यांत येईल. त्याच वर्षीं सरकार बदललें, आणि ऑक्टोबरच्या अंदाजपत्रकांत रेचल रीव्ह्ज यांनीं ती योजना खर्चाच्या कारणानें सोडून दिली. म्हणजे व्यक्तीच्या उत्पन्नावर घराचा कर, हा विरोध कायमच राहिला.

साठ ते ऐंशी हजारांच्या पट्टींतील माणसाला आणखी एक टोंचणी आहे. दोन मुलांच्या बापाला २०० पौंडांची पगारवाढ मिळाली असें समजा. ८० पौंड प्राप्तिकर, ४ पौंड राष्ट्रीय विम्याचे, आणि साडेबावीस पौंड भत्ताकर, असे मिळून १०६ पौंडांहून अधिक जातात. घरीं येतात सुमारें ९३. त्याच्याहून पुष्कळ अधिक मिळविणाऱ्या कित्येकांना पुढच्या २०० पौंडांमागें इतकें द्यावें लागत नाहीं.

मग उपाय काय? हा कर ज्या उत्पन्नावर मोजतात तें नुसतें वेतन नव्हे. त्यांत वेतन, बँकेचें व्याज, घरभाडें, लाभांश असें सगळें येतें. परंतु निवृत्तिवेतनाच्या फंडांत घातलेली रक्कम आणि सरकारमान्य दानधर्माची रक्कम त्यांतून वजा जाते. आपल्या गृहस्थांनीं वर्षांत १०,००० पौंड, अर्थात् करसवलतीसह मोजलेले, अशा फंडांत घातले तर हिशेबाचें उत्पन्न ६०,००० होतें आणि भत्ताकर पूर्णपणें नाहींसा होतो. ते पैसे खर्च झाले नाहींत. आपल्याच म्हातारपणासाठीं राहिले. ज्याला आजचा खर्च भागवून हें झेपेल त्यानें करावें. ज्याला झेपणार नाहीं त्यानें उगीच ओढाताण करूं नये. पण हा मार्ग आहे, हें माहीत तरी असावें.

यापुढें जें सांगणार आहें तें आजच्या भाषणाचें सार होय. श्रोत्यांतील भगिनींनीं विशेष लक्ष द्यावें अशी विनंति आहे.

या कराचा त्रास नको म्हणून कित्येक कुटुंबें भत्त्याचा अर्जच करीत नाहींत. 'एका हातानें घ्यावयाचें आणि दुसऱ्यानें द्यावयाचें, मग घेतां कशाला?' असा शहाणपणाचा वाटणारा विचार असतो. त्यांत एक मोठी चूक दडलेली आहे. ब्रिटनमध्यें सरकारी निवृत्तिवेतन पूर्ण मिळण्यास राष्ट्रीय विम्याचीं ३५ वर्षें नांवावर जमा असावीं लागतात, आणि निदान १० वर्षें झाल्याखेरीज कांहींच मिळत नाहीं. जी आई नोकरी करीत नाहीं तिचीं वर्षें कोठून यावीं? बारा वर्षांखालील मुलाबद्दल जिच्या नांवें बालभत्त्याचा अर्ज मंजूर आहे, तिच्या नांवावर हीं वर्षें सरकार फुकट जमा करतें. अर्ज नसेल तर तीं आपोआप जमा होत नाहींत. २०२५–२६ मध्यें पूर्ण निवृत्तिवेतन आठवड्याला २३० पौंड २५ पेन्स होतें. त्याचा पस्तिसावा हिस्सा म्हणजे आठवड्याला साडेसहा पौंड. एक वर्ष बुडालें तर म्हातारपणीं दर वर्षीं ३४० पौंडांच्या वर तोटा, आणि तो मरेपर्यंत. अशीं दहा वर्षें बुडालीं तर काय होईल, याचा हिशेब ज्याचा त्यानें करावा.

यावर कायद्यांतच सोय आहे. भत्त्याचा अर्ज करावा, आणि त्याच अर्जांत 'पैसे देऊं नका' असें सांगावें. अर्ज दप्तरीं राहतो, पैसे येत नाहींत, म्हणून करहि लागत नाहीं. आणि आईच्या विम्याचीं वर्षें मात्र जमा होत राहतात. शिवाय मूल सोळा वर्षांचें होतांना त्याला राष्ट्रीय विम्याचा क्रमांक विनासायास मिळतो. हा अर्ज जो घरीं आहे किंवा ज्याची मिळकत अगदीं थोडी आहे त्याच्या नांवें करावा. बहुधा ती आईच असते, पण बाप घरीं असेल तर त्याच्या नांवें करावा. कमावत्याच्या नांवें अर्ज झाला तर तीं वर्षें ज्याला नकोत त्याच्या पदरीं पडतात, आणि तीं दुसऱ्याच्या नांवें वळविण्यासाठीं वेगळा अर्ज करावा लागतो. मूल झाल्यावर विलंबहि करूं नये. मागील पैसे तीन महिन्यांपलीकडचे मिळत नाहींत.

आपल्याकडून तेथें गेलेल्यांनीं आणखी दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. नोकरीच्या परवान्यावर गेलेल्या कुटुंबावर बहुधा 'सरकारी मदत घेतां येणार नाहीं' अशी अट असते, आणि बालभत्ता त्या मदतींत मोडतो. अट असतांना घेतलेला भत्ता पुढें परवान्याच्या आड येऊं शकतो. म्हणून अट आहे तोंवर अर्ज करूं नये. स्थायी वास्तव्याचा हक्क मिळाला कीं मात्र हा अर्ज आठवणीनें करावा. कारण त्या वेळीं कोणी दारीं येऊन सांगत नाहीं. दुसरी गोष्ट व्याजाची. पुण्यांतील फ्लॅटचें भाडें आणि येथील बँकेंतील मुदतठेवीचें व्याज हीं, ब्रिटनमध्यें दीर्घकाळ राहणाऱ्याच्या बाबतींत, तेथील उत्पन्नांत धरलीं जातात. अनिवासी भारतीयांच्या ज्या ठेवींवर येथें कर नाहीं, तेवढ्यावरून तेथेंहि नाहीं असें समजूं नये. ५८,००० वेतन आणि ४,००० व्याज झालें, कीं मर्यादा ओलांडली!

शेवटीं एक विचार सांगून थांबतों. हा कर ज्याचें उत्पन्न अधिक त्याच्यावर बसतो. तेव्हां दोघांपैकीं अधिक कोणाचें, हें दोघांनाहि ठाऊक असल्याखेरीज तो नीट भरतां येत नाहीं. लग्न झालेलें असो वा नसो, एका छताखालीं जोडप्यानें राहणाऱ्यांना हा नियम आहे. जेथें नवऱ्याचा पगार बायकोला माहीत नाहीं, किंवा बायकोच्या खात्यांत काय येतें हें नवरा विचारीत नाहीं, त्या घरीं हें पत्र भांडण घेऊन येतें. बाप म्हणतो, 'तुझ्या भत्त्यासाठीं माझा पगार कापला.' आई म्हणते, 'तो भत्ता मुलांचा आहे.' दोघांचेंहि खरें असतें. अशा वेळीं पत्र टेबलावर ठेवून दोघांनीं मिळून तें वाचावें. भत्ता घ्यावयाचा कीं नाहीं, फंडांत किती घालावयाचें, अर्ज कोणाच्या नांवें करावयाचा, हें दोघांनीं ठरवावें. आणि पगारांतून जे ९४ पौंड जातात ते आईच्या हातीं आलेल्या पैशांतून घरखर्चास कसे भरून काढावयाचे, तेंहि ठरवावें. ऐंशी वर्षांपूर्वीं एका बाईनें पार्लमेंटाशीं भांडून हे पैसे आईच्या हातीं दिले. ते परत करावे लागले तरी हरकत नाहीं. परंतु आईच्या नांवावरचा तो अर्ज आणि त्याबरोबर येणारीं तिचीं वर्षें आळसानें किंवा अज्ञानानें घालवूं नयेत.

तिकडे आपलें कोणी असेल, तर पुढच्या पत्रांत त्यांना एवढेंच विचारा : 'अर्ज केला आहे काय, आणि तो कोणाच्या नांवें?'